रुमालानं पुसलेला डाग

सभागृहात बसायला जागा नव्हती आणि उभं राहायलाही फारशी उरली नव्हती. लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढले होते, जिन्यावर दाटीवाटीनं बसले होते, आणि जे बाहेर अडकले होते ते आतल्यांना सारखे विचारत होते, "काय झालं? दिसलं का?" मंचावर एक पलंग होता. पलंगावर उघड्या छातीचा एक उंच मुलगा सोनोग्राफीचा दांडा छातीवर धरून आडवा झाला होता आणि त्याच्या मागे भिंतभर पडदा होता. पडद्यावर त्याचं हृदय धडधडत होतं. करडं मांस, आत काळी पोकळी, आणि मधल्या भिंतीत एक पांढरा, चकचकीत डाग. असा डाग की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही चष्म्याशिवाय दिसावा.

"बघून घ्या," स्पंदनगुरू म्हणाला. "हा डाग मांसाचा नाही. हा घराण्याचा अश्रू आहे. आजोबांचा अश्रू वडिलांच्या हृदयात गोठला, वडिलांचा या लेकरात. डॉक्टर काय करतो? डॉक्टर बघतो. बघतो आणि घाबरवतो. मी घाबरवत नाही. मी पुसतो."

हा गुरू जुन्या पठडीतला नव्हता. राख, लिंबू, कवटी असलं काही त्याच्याकडे नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाला लावलेला माइक, आणि सोनोग्राफीचं एक खरंखुरं यंत्र. विज्ञानाला नावं ठेवायची आणि विज्ञानाच्याच खांद्यावर बसून ठेवायची, ही त्याची कला. यंत्रावर पांढरी चादर घातलेली होती, "ऊर्जा सांडू नये म्हणून". चादरीशेजारी एक शिष्य मान खाली घालून बसला होता आणि त्याचा एक हात चादरीखाली होता.

गुरूनं खिशातून पांढरा रुमाल काढला. मुलाच्या छातीला न लावता, वीतभर वरून, आरसा पुसावा तसा हवेत फिरवला. पडद्यावरचा डाग फिका झाला. पुन्हा फिरवला, आणखी फिका. सभागृहात कोणी खोकेना. शेवटच्या हेलकाव्याला डाग नाहीसा झाला, हृदयाची नुसती अंधूक सावली उरली, आणि लोक उठून उभे राहिले. पहिल्या रांगेत मुलाची आई दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.

मागच्या दाराशी मुलाची आत्या उभी होती. ती हृदयाची डॉक्टर होती आणि दवाखान्यातला रुग्ण अर्ध्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवून धावत आली होती. तिला आधी संताप आला. मग संतापाच्या मधोमध एक गोष्ट खटकली. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. यंत्राच्या आवाजाच्या लाटा तिच्यावर आपटून जोरात परततात, म्हणून पडद्यावर ती नेहमी पांढरी दिसते. तान्ह्या बाळाची पांढरी, म्हाताऱ्याची पांढरी, पैलवानाची पांढरी. गुरूनं डाग पुसला तेव्हा ही पिशवीही पुसली गेली होती. म्हणजे स्पंदनगुरूच्या कृपेनं हा मुलगा पिशवी नसलेलं हृदय घेऊन पलंगावरून उठला, टाळ्यांच्या कडकडाटात हसला आणि शर्टाची बटणं लावत खाली उतरला.

त्याला घरात सगळे लंबू म्हणायचे. त्याच्या धाकट्या बहिणीला टिल्लू.

लंबूचे वडील, म्हणजे डॉक्टरीणबाईंचा थोरला भाऊ, काही वर्षांपूर्वी दाढी करता करता खाली कोसळले आणि उठले नाहीत. त्यांचे वडीलही तसेच गेले होते. "आमच्याकडच्या पुरुषांना आयुष्य नाही," एवढंच घरात म्हटलं जायचं. भावाच्या मृत्यूनंतर आत्यानं स्वतःसकट सगळ्यांची तपासणी केली तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. आजार रक्तातून उतरत होता. हृदयाचं मांस जाड होत जायचं आणि कालांतरानं त्या मांसात जखमेसारखा व्रण पडायचा. त्या व्रणापाशी हृदयातल्या विजेची वाट चुकते, ठोके बेताल होतात आणि धडधाकट दिसणारा माणूस उभ्याचा आडवा होतो. आत्या स्वतः त्यातून सुटली होती. टिल्लू तेव्हा फारच लहान होती, तिच्यात काही दिसलं नव्हतं. लंबूची भिंत जाड होती. आणि या वर्षी त्या भिंतीत व्रण सापडला होता.

तो शोधायला आत्यानं एक युक्ती वापरली होती. साध्या सोनोग्राफीत व्रण सहसा मांसातच मिसळून जातो. म्हणून तिनं यंत्राची संवेदनशीलता जपून कमी करत नेली होती. निरोगी मांसाकडून येणारा प्रतिध्वनी मंद असतो, तो आधी विझतो. मांस काळं पडतं. हृदयाची पिशवी तेवढी पांढरी राहते, आणि मांसात कुठं व्रण असेल तर तोही. गोंगाटाच्या खोलीत सगळ्यांचा आवाज कमी केला तर कोण ओरडत होतं ते कळतं, तसं. वहिनी, म्हणजे लंबूची आई, त्या वेळी शेजारी उभी होती. घाबरलेल्या बाईला हे सगळं कुठं सांगत बसायचं, म्हणून आत्यानं पडद्यावर बोट ठेवून एवढंच सांगितलं होतं, "वहिनी, हे पांढरं दिसतंय ना, तो डाग."

वहिनीनं तेवढंच मनात धरलं. पांढरं म्हणजे डाग, आणि पांढरं गेलं म्हणजे डाग गेला.

त्या दिवशी सभागृहातून आत्या थेट वहिनीच्या घरी गेली. टेबलावर लंबूच्या गोळ्यांची डबी होती आणि तिच्यात आता टिल्लूचे मणी भरलेले होते.

"गोळ्या कुठं आहेत?" आत्यानं विचारलं.

"टाकल्या," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. नवरा गेल्यापासून असा चेहरा आत्यानं पाहिला नव्हता. "वन्सं, तुम्ही स्वतः होतात तिथं. तुम्ही बघितलंत."

"मी बघितलं म्हणूनच आलेय. त्या माणसानं यंत्राचं बटण फिरवलं, वहिनी. डाग होता तिथंच आहे."

"चादरीला हातसुद्धा लावला नाही त्यांनी."

"त्यांनी नाही. शेजारी बसला होता त्यानं."

वहिनीनं मण्यांची डबी बंद केली. मग हळूच म्हणाली, "वन्सं, एक विचारू? रागावू नका. तुम्ही त्याच्या छातीत मशीन बसवायचं म्हणता. तुमच्याकडं त्याला फक्त हे करू नको, ते करू नको. एक माणूस म्हणाला, बरा झालास, जा. तुम्हाला आनंद का होत नाही?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते वहिनीच्या त्या उजळलेल्या चेहऱ्यासमोर मांडायचं होतं. आत्यानं मांडलं. छातीत बसवायचं ते छोटं यंत्र एरवी गप्प बसतं, ठोके बिघडले की झटका देऊन ताळ्यावर आणतं, दादाच्या छातीत ते असतं तर दादा आज या खुर्चीवर बसला असता. सगळं सांगितलं. वहिनीनं ऐकलं आणि चहा ठेवायला उठून गेली.

लंबू दारात उभा राहून ऐकत होता. शाळेच्या धावण्याच्या चमूत तो एके काळी पहिला असायचा. आजार कळल्यापासून त्याला धाप लागायला नको म्हणून वर्गमित्र त्याचं दप्तरही उचलायचे, आणि ते त्याला मरणाहून वाईट वाटायचं.

"आत्या, मी पडद्यावर बघितलं ना," तो म्हणाला. "गेला तो."

"मग माझ्याकडं ये. माझ्या यंत्रावर बघू. खरंच गेला असेल तर मीच तुला मैदानावर घेऊन जाईन."

"येतो की. शाळेची शर्यत झाली की येतो."

"आधी ये."

"आत्या, तू ना, आजीपेक्षा जास्त काळजी करतेस," तो हसून म्हणाला आणि तिच्या डोक्यावर टपली मारून गेला. तो तिच्यापेक्षा चांगलाच उंच झाला होता.

शाळेत फोन करून खेळाच्या शिक्षकांना सांगायचं असं आत्यानं ठरवलं होतं. तिनं फोन केलाही. शिक्षक म्हणाले, आईनं लेखी संमती दिलीय, मुलगा बरा झाल्याचं कळवलंय, तरी मी बोलतो त्याच्याशी. ते बोलले. लंबूनं त्यांनाही हसून दाखवलं.

शर्यतीच्या शेवटच्या वळणावर तो सगळ्यांच्या पुढे होता. मग त्याचे पाय एकमेकांत अडकल्यासारखे झाले आणि तो तोंडावर पडला. मुलांना वाटलं ठेचकाळला. खेळाच्या शिक्षकांनी धावत जाऊन त्याला उताणं केलं, छाती दाबायला सुरुवात केली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाबत राहिले. त्यांनी जे करायला हवं ते सगळं केलं. आत्याला बातमी कळली तेव्हा तिच्या समोर दुसऱ्याच कुणाचं हृदय पडद्यावर चालू होतं, आणि ते नीट चाललं होतं.

लंबूला आणलं त्या खोलीत ती गेली. तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडं बघून नकारार्थी मान हलवली. तिनं त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले. ते करायची काही गरज नव्हती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता कुणाला वाटेल की एवढं झाल्यावर गुरूचं दुकान बंद पडलं असेल. दुकान बंद पडायला गिऱ्हाइकानं चूक दुकानदाराची मानायला हवी. स्पंदनगुरू स्वतः भेटायला आला, पांढऱ्या शर्टात, डोळे ओले करून. वहिनीच्या समोर बसून म्हणाला, "माऊली, मी डाग पुसला होता. पण घरातल्याच कुणीतरी शंका घेतली. शंका ही शाईसारखी. पुसलेल्या कागदावर पहिला थेंब तिचाच पडतो. डाग परत उमटला."

वहिनीनं त्या दिवसापासून आत्याशी बोलणं सोडलं. आत्या रोज जायची, टिल्लूला जवळ घेऊन बसायची, आणि वहिनी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आपल्या शब्दामुळं मुलगा गेला असं या घरात मानलं जातंय, हे आत्याला कळत होतं. ते मनात घेऊन ती घरी आल्यावर भिंतीला डोकं टेकून रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

मग एके दिवशी वहिनी आपणहून तिच्या दवाखान्यात आली. बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "टिल्लूला परवा नेतेय. गुरू म्हणाले तिच्यातही डाग धरतोय. ते पुसतील. पण एक अट आहे."

"कसली?"

"ज्यानं शंका घेतली त्यानं मंचावर येऊन सगळ्यांसमोर माफी मागायची. मगच रुमाल चालेल." वहिनीचा आवाज फाटला. "वन्सं, मी लंबूचं तुम्हाला एका शब्दानं बोलले नाही. बोलले का? पण ही एकच उरलीय मला. माफी मागा. हात जोडते तुमच्यापुढं."

आत्यानं तिचे जोडलेले हात धरून खाली केले. "येते," ती म्हणाली.

खरं तर ती त्या दोन दिवसांत फार घाबरली होती, आणि गुरूला नाही. लबाडी उघडी पाडणं सोपं होतं, एक चादर ओढली की झालं. पण वहिनीच्या मनाला टेकायला जगात एकच आधार उरला होता. आपण सगळं नीट केलं, शंका दुसऱ्यानं घेतली. तो आधार काढून घेतला की वहिनी कशावर उभी राहणार होती? मुलाला धावायला आपणच पाठवलं, हे तिला कळणार होतं आणि ते आयुष्यभर कळत राहणार होतं. आत्याला वाटलं, राहू दे, मला दोष देऊन ती जगत असेल तर जगू दे. पण मग टिल्लूचं काय? टिल्लूचं हृदय कसं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि रुमाल फिरल्यावर ते कुणी विचारणारही नव्हतं. हा विचार आला की दुसरा कुठलाच विचार टिकत नव्हता.

सभागृह या खेपेला आणखी भरलं होतं. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण गुरूसमोर वाकणार, ही बातमी सगळीकडं झाली होती. गुरूनं आत्याचं स्वागत अशा मायेनं केलं की बघणाऱ्याला गहिवरून यावं.

"या, ताई. शिकलेल्या माणसाला वाकताना पाठ दुखते, मला माहीत आहे. पण आज तुमची पाठ नाही, तुमचं हृदय मोकळं होणार आहे. बोला."

आत्यानं माइक घेतला. "मी शंका घेतली," ती म्हणाली. "ते खरं आहे. माझं एक मागणं आहे. मुलीच्या आधी मला पुसा. शंका माझ्या हृदयात असेल तर ती यंत्रावर दिसेल. सगळ्यांना दिसू द्या."

असं आयतं चालून आलेलं गिऱ्हाईक गुरू सोडणार थोडाच. पलंगाभोवती आडोसा लावला, आत एक शिष्या गेली, तिनं आत्याच्या छातीवर यंत्राचा दांडा टेकवला आणि अंगावर चादर ओढून बाहेर आली. दांडा आत्यानं स्वतः धरला. आडोसा काढला. पडद्यावर तिचं हृदय आलं आणि सभागृहातून एकच सुस्कारा निघाला. सगळं हृदय पांढरं फटफटीत होतं. मांस, भिंती, पोकळीसुद्धा, कुठं करडा ठिपका नाही.

"बघा, बघा," गुरू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता खराखुरा आनंद होता. "मुलाला एक डाग होता. शंकेखोराचं अख्खं हृदयच डाग."

रुमाल फिरला. पांढरं ओसरत गेलं आणि करडं, स्वच्छ हृदय दिसू लागलं. टाळ्या सुरू झाल्या. आत्या पडल्यापडल्या शिष्याकडं बघत होती. रुमालाच्या प्रत्येक हेलकाव्याला यंत्राच्या चादरीखालचं त्याचं कोपर बोटभर सरकत होतं.

"वहिनी," तिनं हाक मारली. "इकडं या. ती यंत्रावरची चादर काढा."

गुरू पुढं झाला. "ऊर्जा सांडेल."

"सांडू दे. माझ्या अंगावर सांडेल." आत्यानं दांडा छातीवरून हलवला नाही. "वहिनी, मी काढली तर तुम्ही म्हणाल, वन्संनी हातचलाखी केली. म्हणून तुम्हीच काढा. टिल्लूसाठी काढा."

वहिनी मुलीचा हात धरून उभी होती. तिनं गुरूकडं बघितलं, मग टिल्लूकडं. टिल्लूचा हात सोडून ती यंत्रापाशी आली आणि तिनं चादर ओढली. शिष्याचा हात एका गोल बटणावर होता. तो इतका दचकला की हात तसाच राहिला.

"त्यांना म्हणावं, हात बाजूला घ्या," आत्या म्हणाली. "आता ते बटण तुम्ही फिरवा. उजवीकडं."

वहिनीनं फिरवलं. पडद्यावरचं हृदय पांढरं झालं.

"आता डावीकडं."

पांढरं गेलं.

"पुन्हा उजवीकडं. आणि आता हात काढून घ्या. बटणाला कुणी शिवायचं नाही." आत्यानं मान वळवून गुरूकडं बघितलं. "महाराज, पुसा. रुमाल तुमच्या हातात आहे, हृदय माझं आहे, डाग सगळ्यांना दिसतोय. पुसा."

गुरूनं रुमाल फिरवला. काही झालं नाही. त्यानं तो झटकला, कपाळाला लावला, पुन्हा फिरवला. पडद्यावर पांढरं हृदय आपलं ठोके देत राहिलं.

"रुमाल उलटा धरलाय बहुतेक," खिडकीवरून कुणीतरी म्हणालं, आणि काही लोक हसले. बरेच हसले नाहीत. त्यांची मुलं, बायका, आई-वडील याच पलंगावर झोपून गेले होते.

"अविश्वासाच्या जागी माझा हात चालत नाही," गुरू म्हणाला.

"माझ्या वहिनीचा चालला," आत्या म्हणाली. "आणि तिनं विश्वास ठेवला होता. तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठेवला होता." मग ती लोकांकडं वळली आणि वर्गात शिकवावं तसं तिनं सांगितलं. हे यंत्र आवाजाच्या लाटा आत सोडतं आणि परत आलेल्या लाटांचं चित्र काढतं. हे बटण चित्र उजळ करतं किंवा अंधूक करतं. दिवा मोठा केला म्हणून खोलीत वस्तू वाढत नाहीत, आणि मालवला म्हणून चोरीलाही जात नाहीत. खरा व्रण शोधायलाही हेच बटण लागतं, पण ते जपून कमी करायचं असतं. निरोगी मांस विझलं पाहिजे, आणि ही बाहेरची पिशवी पांढरी राहिली पाहिजे. लंबूच्या वेळी या मंचावर ही पिशवीही विझली होती. म्हणजे बटण गरजेपेक्षा फार खाली नेलं होतं.

वहिनी अजून यंत्रापाशीच होती. ती बटण फिरवत होती. उजवीकडं, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. पडद्यावर डाग येत होता, जात होता, येत होता. कुणी तिला थांबवलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली. माइक जवळ असल्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "म्हणजे त्या दिवशी लंबूचा डाग..."

"हो."

"तिथंच होता."

"हो, वहिनी."

"आणि मी त्याला म्हटलं, जा, पळ."

आत्यानं दांडा ठेवून दिला आणि अंगावरची चादर गुंडाळून ती पलंगावरून उतरली. तिनं वहिनीला धरलं. वहिनीचा एक हात अजून बटणावरच होता. हिचा आधार आपण काढून घेतला, असं आत्याला वाटलं. आणि करायलाच हवं होतं, असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

गुरू आणि शिष्य मागच्या दारानं निघायच्या बेतात होते. लोकांनी त्यांना अडवलं आणि पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं. कुणी हात उचलायला निघालं होतं, त्याला आत्यानं थांबवलं. वहिनीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि माइकमध्ये बोलायला लागली. आयुष्यात ती कधी चार लोकांसमोर बोलली नव्हती.

"मला भाषण येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी गोळ्या बंद केल्यात त्यांनी आज घरी जाऊन सुरू करा. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ज्यांच्या घरात तरुण माणसं अचानक गेलीत त्यांनी पोरांची तपासणी करून घ्या. कुणी चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, चादर काढा, मला बघू द्या. रागावला तर उठून या. मला डॉक्टरांनी खरं सांगितलं होतं, पण ते ऐकायला कडू होतं. यानं गोड सांगितलं. मी गोड ऐकलं." ती थांबली. "माझा मुलगा फार चांगला पळायचा."

लोक गुपचूप निघाले. काहीजण दाराशी थांबून आत्याला आपापल्या घरची दुखणी सांगू लागले आणि ती प्रत्येकाला कुठं जायचं ते सांगत राहिली. एक म्हातारा मात्र जाता जाता म्हणाला, "काही म्हणा, माझी छाती त्या रुमालानं हलकी झाली होती." त्याच्याशी ती वाद घालत बसली नाही. त्यालाही तपासणीला बोलावलं.

टिल्लूची तपासणी दुसऱ्याच दिवशी झाली. पलंगावर झोपून ती म्हणाली, "आत्या, गार लागतंय," आणि मग पडद्याकडं बघत राहिली. आत्या सावकाश बघत होती. वहिनी शेजारी उभी होती, आणि या वेळी आत्यानं सगळं सांगितलं. हे मांस, ही झडप, ही पिशवी, ही सगळ्यांचीच पांढरी असते. आता मी बटण कमी करतेय, आता मांस विझलं, पिशवी राहिली. मधे दुसरं काही राहिलंय का, तुम्ही बघा.

वहिनीनं बराच वेळ बघितलं. "नाही," ती म्हणाली.

"नाही. व्रण नाही. पण भिंत थोडी जाड व्हायला लागलीय. आजार आहे, वहिनी. तो पुसता येत नाही. लक्ष ठेवता येतं, जपता येतं, आणि वेळ आली की यंत्र बसवता येतं. पुष्कळ माणसं म्हातारी होतात यात."

वहिनीनं मान हलवली. तिला जे ऐकायचं नव्हतं तेच तिनं ऐकलं होतं, आणि ती तिथंच उभी राहिली. टिल्लू उठून बसली, फ्रॉकची बटणं लावली आणि विचारलं, "आई, शाळेत कुणी विचारलं की शर्यतीत का नाही, तर काय सांगू?"

"खरं सांग," वहिनी म्हणाली. "सांग, मला हृदयाचा आजार आहे. बाबांना होता, दादाला होता. दादाच्या वेळी आईला खरं सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं नाही. माझ्या वेळी ऐकतेय."

मग तिनं आत्याला पुढच्या तपासणीची तारीख विचारली.